यंत्राला नव्हे, नमुन्याला कुलूप लावा

तुमच्या कथेतल्या जहाजावर २०० माणसं आहेत, प्रत्येक खोलीत हवी ती वस्तू घडवणारं यंत्र आहे आणि शस्त्रं-विषं कुणी बनवू नयेत म्हणून कप्तानाने यंत्राला पासवर्ड ठेवलाय. एवढं पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. पासवर्ड महिन्याभरात सगळ्यांना पाठ होतो. रबाळे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याचं स्टोअर मी २२ वर्षं सांभाळलं, त्या जोरावर सांगतो.

आधी माल. यंत्र निव्वळ ऊर्जेतून वस्तू काढतं असं लिहू नका. १ किलो पदार्थाला लागणाऱ्या ऊर्जेसाठी कोयनेचा १,९६० मेगावॉटचा अख्खा प्रकल्प अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालवला, तरी जवळपास दीड वर्ष जाईल. त्यापेक्षा टाकीत कच्चा माल ठेवा आणि उष्ट्यापासून फाटक्या कपड्यांपर्यंत सगळं परत तिथेच जाऊ द्या. माणशी खातं वजनावर ठेवा.

खरी जोखीम नमुन्यात, म्हणजे यंत्र ज्यावरून वस्तू घडवतं त्या आराखड्यात आहे. आमच्याकडे एका पाइपलाइनीच्या गॅस्केटचं (जोडातून गळती होऊ नये म्हणून बसवायच्या चकतीचं) मटेरियल बदललं होतं: त्यातून ॲसिटोन हे द्रावक जायला लागलं म्हणून नायट्रिल रबराऐवजी टेफ्लॉन. पण कपाटात जुनं ड्रॉइंगही राहिलं होतं आणि त्यावरून १२ नग कापून आले. मापं तीच, बसलेही चपखल. काही दिवसांनी रात्रपाळीच्या ऑपरेटरला वास आला. काढलेलं गॅस्केट मी हातात घेतलं, तर फुगून इतकं मऊ झालेलं की नख रुतत होतं. कुठला नग कुठे गेला ते इश्यू रजिस्टरात होतं, म्हणून उरलेले ११ तासाभरात सापडले. तुमचं यंत्र तर चूकही हुबेहूब उतरवेल, आणि २०० खोल्यांत एकाच वेळी.

म्हणून प्रत्येक नमुन्यावर आवृत्ती क्रमांक आणि दोघांच्या सह्या हव्यात. नवा आला की जुना पुसायचा. घडलेल्या प्रत्येक वस्तूवर नमुन्याचा नंबर. पहिला नग तपासल्याशिवाय दुसरा नाही. २०१४ मध्ये अवकाश स्थानकावर पृथ्वीवरून फाइल पाठवून थ्री-डी प्रिंटरवर रॅचेट पाना छापला, तेव्हाही तिथे छापलेले नग तपासणीसाठी पृथ्वीवर परत आणले होते.

शस्त्राचंही तसंच. कुणी आज नळी काढेल, परवा स्प्रिंग. सुटी वस्तू बघून यंत्राला काही कळणार नाही. रोज संध्याकाळी रजिस्टर वाचणाऱ्या माणसाला कळेल. असा एक माणूस कथेत आणाच.

आणि आणीबाणीचं विसरू नका. आमच्या स्टोअरची दुसरी किल्ली सिक्युरिटीकडे सीलबंद पाकिटात असायची. रात्री गरज पडली तर कुणीही शिफ्ट इन्चार्ज पाकीट फोडू शकायचा, विचारायला कुणाला उठवायचं नाही. फक्त सकाळी आठला माझ्यासमोर उभं राहून काय नेलं, कशाला नेलं ते लिहून द्यायचं. तुमच्या कप्तानाकडे असं पाकीट असू द्या.