घरी बांधायच्या ५५० किलोच्या स्पोर्ट्स कारला इंजिन कोणतं घ्यावं?

पहिल्याच गाडीसाठी मारुतीच्या जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं घ्या. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, ताकद साधारण ८० बीएचपी, आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस वेगळा असल्याने तो काढून गिअरबॉक्सला थेट मागचा शाफ्ट जोडता येतो. पार्ट्सही मिळतात.

सुझुकीच्या हायाबुसा बाईकचं १३४० सीसी इंजिन दुपटीहून जास्त ताकद देतं, पण खर्च तिथेच संपत नाही. रिव्हर्स गिअर नाही. शिवाय बाईक वळणावर झुकते, कार झुकत नाही. त्यामुळे ऑइल इंजिनखालच्या चेंबरच्या एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातं. चेंबरमध्ये ऑइल अडवणारी बॅफल प्लेट हवीच. बाईकचा रेडिएटर मात्र विसरा. मराठवाड्याच्या मे महिन्यात कारचाच बसवा, फॅनसकट. आरटीओ पासिंगचं आधी विचारा, वेल्डिंग नंतर.