टॅबवर गाणी मिक्स करताना सगळ्यांचा आवाज सारखा कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक गाणं सुटं ऐकलं की छान वाटतं, पण ओळीने लावली की एक अंगावर येतं आणि दुसरं पुटपुटतं. मी आमच्या भजनी मंडळाचे अभंग आयपॅडवर गॅरेजबँड या ॲपमध्ये मिक्स करतो. आमचे पहिले आठ अभंग अगदी असेच झाले होते.

चूक फेडरमध्ये (प्रत्येक ट्रॅकचा आवाज वर-खाली करायची सरकपट्टी) नव्हती, टॅबच्या आवाजाच्या बटणात होती. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात केलेलं मिक्स आणि रविवारी दुपारी मोठ्याने केलेलं मिक्स यांचा मेळ बसत नाही. आवाज लहान असला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. मग रात्री आपण पखवाज वर ढकलतो आणि दिवसा तोच धाडधाड वाजतो. म्हणून समोरचा माणूस बोलतोय इतपत आवाज एकदा ठरवा आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बटणाला हात लावू नका. मी तर त्यावर चिकटपट्टीच लावली होती.

टॅबच्या स्पीकरवरही भरवसा नको. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून जो घुमार आणतात, तो त्या चिमुकल्या स्पीकरमधून येतच नाही. वायरचा हेडफोन घ्या. जॅक नसेल तर कनेक्टर मिळतो.

मग सगळे फेडर खाली आणि आधी फक्त गायक वर. मीटर लाल व्हायला भरपूर जागा राहील इतपतच. त्याच्या मागे पेटी, मग पखवाज, शेवटी टाळ. टाळ फार फसवतो! ठोका क्षणभराचा, पण टोकदार. मीटर त्याच्यामुळे लाल होतं, आपण घाबरून मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र आवाज, खाली घेतो आणि सगळा अभंगच बारीक होतो. डिजिटलमध्ये 0 डेसिबलच्या वर जागाच नाही, तिथे आवाज फाटतो हे खरं. पण मीटर टोकं दाखवतं आणि कानाला मोठेपणा जाणवतो तो साधारण सरासरीवरून. तेव्हा टाळाचा ट्रॅक तेवढा खाली घ्या, हवं तर त्यावर ही टोकं दाबणारा कॉम्प्रेसर थोडा लावा. त्याहून बरं म्हणजे रेकॉर्डिंगलाच टाळकऱ्याला माइकपासून दोन पावलं मागे उभं करा. आमचे काका यावरून आठवडाभर रुसले होते.

आता गाण्या-गाण्यांतला फरक. तयार झालेली सगळी मिक्सं एकाच नव्या प्रोजेक्टमध्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर एकाखाली एक ठेवा. (गॅरेजबँडमध्ये सेक्शन, म्हणजे गाण्याचा एक तुकडा, मुळात 8 बारचा (आवर्तनासारख्या मापांचा) असतो. तो आधी ऑटोमॅटिक करा, नाहीतर गाणं मध्येच तुटेल.) सोलो बटणाने (त्याने तेवढा एकच ट्रॅक वाजतो) एकातून दुसऱ्यात उड्या मारत फक्त गायकाचा आवाज जुळवा, तोही चरणाशी चरण, गजराशी नव्हे. सर्वात बारीक गाणं प्रमाण धरायचं आणि बाकीची त्याच्यापर्यंत खाली आणायची. बारीक गाणं वर ढकलायला गेलात की पुन्हा टाळ आडवा येतो.

यूट्यूबवर टाकणार असाल तर तिथे साधारण उणे 14 एलयूएफएसपेक्षा मोठं गाणं आपोआप खाली घेतलं जातं, लहान मात्र वर उचललं जात नाही. एलयूएफएस म्हणजे ही कानाला जाणवणारी सरासरी; ती मोजणारी ॲप मिळतात. पण नुसता आकडा जुळवत बसू नका. ज्या अभंगात गजर लांब, त्याची सरासरी गजरामुळेच वाढते. आकड्यासाठी तो अख्खा खाली घेतलात तर चरणातला गायक शेजारच्या अभंगापेक्षा बारीक होतो. मी अशा वेळी आकडा सोडतो आणि गायक जुळवतो. गजर मोठा वाजला तर वाजू दे, तो मोठाच असतो.