उशीर झाला म्हणणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. त्यात चिडचिड आहे, हळहळही आहे, आणि दोन्हींचं मूळ एकच: २००९ साली बिटकॉइन हे डिजिटल चलन नुकतंच निघालं तेव्हा आपण मोठे असतो तर आज कुठल्या कुठे पोचलो असतो. शेवटी तू विचारलं आहेस, 'पुढचं बिटकॉइन' कसं ओळखायचं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आपल्याकडे आहे असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, एवढं मात्र सांगतो. पण त्या पहिल्या मंडळींविषयी तुझी जी समजूत झाली आहे ती मला खोडून काढायची आहे. ते दूरदृष्टीचे लोक होते, पुढचं ओळखून नाणी दाबून बसले, असं तुला वाटतं. त्यांनी तेव्हा लिहून ठेवलेलं वाचलं की वेगळंच दिसतं. बहुतेकांची धडपड ही गोष्ट एकदा तरी खरोखर वापरून बघण्याची होती.

भावापासूनच सुरुवात करू, कारण तुझा जीव तिथंच अडकला आहे. बिटकॉइनचा पहिला नोंदलेला भाव ऑक्टोबर २००९चा आहे: एका डॉलरला १,३०९.०३ नाणी. हा आकडा न्यू लिबर्टी स्टँडर्ड असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसानं काढला. बाजार नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, मग भाव आणायचा कुठून? नवी नाणी संगणक जोरात चालवून मिळवावी लागत (यालाच माइनिंग म्हणतात), म्हणून त्यानं वीजबिल घेतलं. संगणक वर्षभर जोरात चालवला तर १,३३१.५ युनिट वीज लागते असं धरलं, त्याला अमेरिकेतल्या घरगुती विजेच्या दरानं, म्हणजे ११.३६ सेंटनं गुणलं, बारानं भागलं. महिन्याचा खर्च आला साधारण साडेबारा डॉलर. त्या महिन्यात आपल्या संगणकानं किती नाणी काढली ते मोजलं आणि भागाकार केला. बस्स, झाला भाव. त्याच महिन्यात बिटकॉइन तयार करणाऱ्या सातोशी नाकामोतोला (हेही टोपणनावच) सुरुवातीपासून मदत करणाऱ्या मार्टी माल्मी या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं ५,०५० नाणी विकली आणि त्याला ५.०२ डॉलर मिळाले. नाणं डॉलरमध्ये बदलता येतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. आता सांग, या व्यवहारात दूरदृष्टी कुठं शोधायची? मला त्यात कुतूहल दिसतं, आणि कागदावरची गोष्ट हातानं करून बघायची खोड.

पिझ्झाची गोष्ट तुला ठाऊक असेलच. पण ती नेहमी मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते, म्हणून नीट सांगतो. १८ मे २०१० रोजी फ्लोरिडातल्या लाझ्लो हान्येझनं जाहीर केलं, की दोन मोठे पिझ्झा घरपोच आणून देणाऱ्याला दहा हजार बिटकॉइन देईन. दोन कशाला, तर उरलेला दुसऱ्या दिवशी खाता येईल म्हणून. कांदा, मिरची, मशरूम काय ते चालेल, मासे वगैरे विचित्र काही नको, असंही त्यानं बजावलं. तीन दिवस कुणी पुढं आलं नाही. तेव्हा त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, मी देऊ करतोय ती रक्कम कमी पडतेय का? २२ मेला एका तरुणानं कॅलिफोर्नियात बसून त्याच्यासाठी पिझ्झा मागवले आणि सौदा पुरा झाला. त्या दहा हजार नाण्यांची किंमत तेव्हा चाळीसेक डॉलर होती. ती घेणाऱ्या तरुणानंही त्यांचं घबाड केलं नाही, प्रवासावर उडवली.

लोक इथं थांबतात आणि हसतात. पुढचा भाग कुणी सांगत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे एका नाण्याला हजारो डॉलर मोजावे लागत असताना, त्याच लाझ्लोनं पुन्हा दोन पिझ्झा मागवले. या वेळी लाइटनिंग नावाची झटपट पैसे पाठवायची नवी सोय आली होती आणि त्याला ती तपासायची होती. खर्च आला ०.००६४९ बिटकॉइन. पस्तावलेला माणूस असं करेल का? मला तरी त्या मंडळींचा स्वभाव या दुसऱ्या पिझ्झात जास्त स्पष्ट दिसतो.

वाटून टाकण्याचंही त्यांना काही वाटत नसे. गॅव्हिन अँड्रेसन या प्रोग्रामरनं २०१० च्या उन्हाळ्यात इंटरनेटवर एक पान उघडलं होतं. तिथं जाऊन आपण माणूसच आहोत हे दाखवणारं छोटं कोडं सोडवलं, की पाच बिटकॉइन फुकट मिळायची. ज्याच्याकडे नाणंच नाही तो ते वापरून कसं बघणार, इतका साधा विचार त्यामागं होता. मॅसॅच्युसेट्समधलं अल्पाका पाळणारं एक कुटुंब त्या प्राण्यांच्या लोकरीचे मोजे बिटकॉइनवर विकायचं. २०११ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातल्या रूम ७७ या बारमध्ये बिटकॉइन देऊन बिअर आणि बर्गर मिळू लागला, आणि लोक केवळ तेवढ्यासाठी वाट वाकडी करून तिथं जात. त्यांच्या रोजच्या आशा एवढ्याच मापाच्या होत्या: मोजे, बिअर, परदेशातल्या ओळखीच्या माणसाला मध्ये बँक न घालता पाठवलेले चार पैसे. जग बदलण्याच्या बाताही ते मारत, नाही असं नाही. काही जण तर फारच मारत. पण एखाद्या दुकानदारानं 'चालेल' म्हटल्यावर होणारा आनंद मोज्यांच्या जोडीला साजेसाच होता.

आणि हॅल फिनी. या सगळ्या गोतावळ्यात एकाच माणसाविषयी वाचायचं असेल तर याच्याविषयी वाच. सातोशीनं १२ जानेवारी २००९ रोजी पहिल्यांदा कुणाला नाणी पाठवली ती यालाच, दहा. बिटकॉइनच्या आधी, २००४ मध्ये, त्यानं स्वतः डिजिटल नाण्याचा एक प्रयोग करून पाहिला होता, त्यामुळे नवी कल्पना कुठं लंगडते हे त्याला कळत होतं. तरी सातोशीचा प्रोग्राम त्यानं लगेच उतरवून चालवला. काही दिवस माइनिंग केलं आणि मग बंद केलं, कारण संगणक तापायचा आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा. हे त्यानंच लिहून ठेवलंय. आज कोट्यवधी डॉलरची वाटतील अशी नाणी पंख्याच्या घरघरीपायी निघायची राहिली, आणि त्याबद्दल त्याच्या लिखाणात त्रागा नाही. २००९ मध्येच त्याला एएलएस हा स्नायूंवरचा ताबा घालवणारा आजार झाल्याचं निदान झालं. हळूहळू सगळं शरीर लुळं पडलं. २०१३ मध्ये तो डोळ्यांच्या हालचालींवरून अक्षरं उमटवणाऱ्या यंत्रावर प्रोग्राम लिहीत होता, पूर्वीपेक्षा बहुधा पन्नासपट हळू. तरीही लिहीत होता, आणि काय? वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवायचं डिजिटल पाकीट, जास्त सुरक्षित कसं करता येईल याचा प्रोग्राम. ऑगस्ट २०१४ मध्ये तो गेला.

तुला हेवा वाटावा अशी गोष्ट मला इथं दिसते. नाण्यांचा हेवा करून काय मिळणार? दहा नाणी मिळालेल्या माणसाच्या नशिबाची नक्कल करता येत नाही. बिघडलं तर उघडून बघायची सवय मात्र लावून घेता येते.

बिघडायचंही भरपूर. बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत नोंदले जातात आणि असे ब्लॉक एकाला एक जोडून साखळी बनते. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी बेरजेतल्या एका चुकीचा फायदा घेऊन १८४ अब्ज बिटकॉइन निर्माण केली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत, हा तर या सगळ्याचा पाया. तो एका फटक्यात उखडला. मग कुणाच्या तरी नजरेत ते आलं, आरडाओरडा झाला, काही तासांत दुरुस्ती निघाली आणि लोकांनी आपापल्या यंत्रांवर ती चढवली. खोटा ब्लॉक असलेली साखळी मागं पडली. कुणी मालक नव्हता, कुणाला पगार नव्हता. मार्च २०१३ मध्ये प्रोग्रामच्या नव्या आणि जुन्या आवृत्तीचं जमेना आणि साखळीचे दोन फाटे झाले, तेव्हा तर एका मोठ्या माइनिंग पूलनं, म्हणजे मिळून माइनिंग करणाऱ्यांच्या गटानं, स्वतःची कमाई बुडणार हे माहीत असूनही जुन्या आवृत्तीकडे परतायचं ठरवलं, जेणेकरून बाकीचे एका साखळीवर राहतील. भाव बघत बसणाऱ्यांच्या जमावाला हे जमलं असतं असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर माझं पत्र आणि एखाद्या एजंटची जाहिरात यांत फरक राहणार नाही. बिटकॉइनवर चाललेला पहिला मोठा बाजार मोज्यांचा नव्हता, अमली पदार्थांचा होता. तो २०११ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये एफबीआयनं बंद पाडला. त्या काळी अनेक उत्साही लोकांनी त्याकडे सोयीस्कर डोळेझाक केली, काहींनी तर त्यालाच स्वातंत्र्य म्हटलं. आणि 'कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही' हे ब्रीद दिवसरात्र घोकणाऱ्यांनीच आपली नाणी टोकियोतल्या माउंट गॉक्स नावाच्या एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नाणी विकायच्या-घ्यायच्या संकेतस्थळावर, नेऊन ठेवली. हे संकेतस्थळ मुळात पत्त्यांच्या एका खेळातली पानं विकण्यासाठी योजलेलं होतं, नावही तिथूनच आलेलं. एके काळी जगातला बहुतांश बिटकॉइन व्यवहार त्याच्यामार्फत व्हायचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बुडालं तेव्हा सुमारे साडेआठ लाख नाण्यांचा पत्ता नव्हता. त्यातली दोन लाख पुढं एका जुन्या वॉलेटमध्ये सापडली. ग्राहकांना नाणी परत मिळू लागली ती २०२४ मध्ये. यातली गोम तुझ्या लक्षात आली असेल. आपल्या नाण्यांची गुप्त किल्ली स्वतः सांभाळणं कटकटीचं असतं, आणि कटकट टाळायला माणूस तत्त्व गहाण टाकतो. ते टाकताना त्याला कळतही नाही.

यांच्याआधीच्यांचंही जरा वाच. डेव्हिड चॉमनं १९८९ मध्ये डिजीकॅश काढली. खर्च करणाऱ्याचं नाव गुप्त राखणारं डिजिटल चलन त्यानं करून दाखवलं, आणि १९९८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. तिच्याबरोबर चलनही गेलं. नव्वदच्या दशकापासून अशा कंपन्या पडत आल्या आणि लोकांनी कल्पनेलाच नावं ठेवली, खोट होती ती एका ठिकाणच्या कारभारात, असं सातोशीचं म्हणणं होतं. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी त्यानं नऊ पानी निबंध जाहीर केला त्यामागं अपयशाची ही वीसेक वर्षं होती. म्हणजे तुझ्या हिशेबात जे 'अगदी पहिले', ते स्वतः बऱ्याच उशिरा आले होते.

आणि पहिल्यांच्या आशा पुऱ्या झाल्या का, म्हणशील तर अर्धवटच. बिटकॉइन कॉफीचे पैसे द्यायला वापरायचं की सोन्यासारखं ठेवून द्यायचं, यावरून २०१५ ते २०१७ या काळात त्याच लोकांत इतकं जुंपलं की जुनी मैत्री तुटली आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी साखळीच दुभंगली. त्या वर्षअखेर एक व्यवहार करायला सरासरी पन्नास डॉलरच्या वर शुल्क पडू लागलं होतं. एवढं शुल्क भरून बिअर कोण पिणार? मोज्यांवाल्यांचं स्वप्न मागं पडलं आणि ठेवणाऱ्यांचं जिंकलं. मला याचं वाईट वाटतं. सातोशीनं २०१० च्या फेब्रुवारीत लिहिलं होतं, की वीस वर्षांनी एक तर प्रचंड व्यवहार होत असतील किंवा अजिबात होत नसतील. ठेवून देण्यासाठी लोक घेतील आणि वापरायला कचरतील, ही तिसरी शक्यता त्या वाक्यात नाही.

तेव्हा पुढचं काहीही तुझ्यासमोर आलं, नाणं असो की दुसरं काही, तर त्या लोकांत जाऊन बस आणि ते कशाबद्दल बोलतात ते ऐक. भाव कधीच वाढणार नाही असं समजा, मग तुम्ही याचं काय कराल, असं सरळ विचार. कुणी वीजबिलाचा हिशेब मांडला, कुणी काल काय बिघडलं ते सांगू लागला, तर तिथं थोडा वेळ घाल. सगळे गप्प झाले तर उठून ये. यातून तू श्रीमंत होशील अशी हमी मी देत नाही. कर्ज काढून किंवा फीचे पैसे वळवून कशातही उतरू नकोस, हे सांगायची वेळ येऊ नये, पण तुझ्या पत्राचा सूर पाहून सांगतोय.

बिटकॉइन समजून घ्यायचंच असेल तर एक काम कर. बुडाली तरी झोप उडणार नाही इतकीच रक्कम घे. वॉलेट स्वतः तयार कर आणि ते जे बारा किंवा चोवीस शब्द देईल ते कागदावर लिही. फोटो काढू नकोस. पैसे टाकायच्या आधी ते वॉलेट पूर्ण पुसून टाक आणि फक्त कागदावरून परत उभं करून बघ. हे न केल्यामुळं लोकांची नाणी कायमची गेली आहेत. वेल्समधल्या एका गृहस्थाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली आणि काही हजार नाणी न्यूपोर्टच्या कचरा डेपोत गाडली गेली. ती उकरायची परवानगी मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं भांडत राहिला. मग थोडी रक्कम एखाद्या मित्राला पाठव, किती शुल्क पडलं आणि किती ब्लॉकनंतर ती पक्की झाली ते बघ. जमलं तर स्वतःचा नोड, म्हणजे सगळी साखळी ठेवून व्यवहार स्वतः तपासणारा संगणक, चालव. साखळी उतरवायला कित्येकशे जीबी जागा आणि बरेच दिवस लागतील, वैताग येईल. कुठं अडलास ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही. भाव कळवू नकोस, तो मलाही दिसतो.

तुझा हितचिंतक