यजमानांना तिकीट, माझ्या जिवाला घोर

प्रश्न : माझ्या यजमानांचं तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. वय ४८. एका छोट्या पक्षाने त्यांना पुढच्या विधानसभेची उमेदवारी कबूल केली आहे आणि ते आत्तापासूनच हवेत आहेत. माझा सख्खा भाऊ मोठ्या पक्षाचा तालुकाध्यक्ष. तो म्हणतो, "दाजींना आमची मतं खायला उभं करतायत." डिपॉझिट जाईल, दुकान बसेल, माहेर तुटेल अशी भीती वाटते. त्यांना कसं थांबवू?

उत्तर : ताई, थांबवू नका. अडवलंत तर "हिने उभं राहू दिलं नाही, नाहीतर आमदार असतो" हे पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात ऐकाल.

डिपॉझिटचं मनाला लावून घेऊ नका. खुल्या गटात ते १० हजार रुपये असतं आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर जातं. २०२४ला राज्यात २८८ जागांसाठी ४,१३६ जण उभे होते, त्यातल्या बहुतेकांचं गेलंच. त्यात लाज कसली?

खरा खड्डा दुकानात आहे. खतं-बियाण्यांची उधारी ज्यांच्याकडे थकलीय, त्यांच्याच दारात हे मत मागायला जाणार. त्या हंगामात वसुलीचा शब्द तरी काढता येईल का? उलट नवीन उधारी "साहेब, लिहून ठेवा" म्हणत सुरू होईल. त्यामुळे आजच वही काढून दोघांनी बसा. घरातून किती पैसे जाणार तो आकडा ठरवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. आयोगाची ४० लाखांची खर्चमर्यादा ही कमाल आहे. तेवढे खर्च केलेच पाहिजेत असं कार्यकर्ते भासवतील, तिकडे लक्ष देऊ नका.

यात तुम्हीही आहात, हे त्यांनी सांगितलंय का? अर्जासोबतच्या शपथपत्रात पत्नीचे दागिने, खाती, जमीन, कर्ज सगळं लिहावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. तुमच्या पाटल्या किती तोळ्यांच्या, हे जावेलाही कळेल. म्हणून घरात बोलायचा तुमचा हक्क नुसता बायको म्हणून नाही.

जिंकतील का? बहुधा नाही, आणि हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकू द्या. २०२४ला सांगोल्यात शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) बाबासाहेब देशमुख दोन्ही शिवसेनांच्या उमेदवारांना हरवून आले, पण त्यांच्यामागे आजोबा गणपतरावांची अकरा वेळची आमदारकी होती. जुन्नरला अपक्ष निवडून आलेले शरद सोनवणे २०१४लाही आमदार झाले होते. आणि तिसरी आघाडी काढणारे बच्चू कडू चार वेळा आमदार असूनही अचलपुरात पडले. यजमानांना एवढंच विचारा : मान्यता नसलेल्या छोट्या पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारे मतदार, लागतात, ती दहा नावं कोणती? मतदान केंद्रं साडेतीनशेच्या आसपास, तिथे दिवसभर बसणारी माणसं कुठली? नावं भराभर आली तर त्यांच्या उभं राहण्यात दम आहे. "पक्ष बघेल" असं उत्तर आलं तर ते दुसऱ्याच्या कामाला जुंपले जातायत, असं खुशाल समजा.

भावाचं म्हणणं मला पटत नाही. मतं काय त्याच्या पक्षाच्या सातबाऱ्यावर चढलीत? पण आळ टिकतो, हेही खरं. मालेगाव मध्यचा निकाल २०२४ला अवघ्या १६२ मतांनी लागला. असा फरक पडला तर तुमच्या यजमानांचं नाव तालुक्यात वर्षानुवर्षं निघेल, आणि रक्षाबंधनालाही. तेव्हा भावाला आत्ताच स्पष्ट सांगा, "राजकारण तू दाजींशी बोल, माझ्याशी नको."

शेवटचं, सगळ्यात नाजूक. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फोन खणखणतात, पाकिटाची भाषा होते, महामंडळाचं गाजर दाखवतात. उभं राहायचं की मागे घ्यायचं, हे त्याच्या आदल्या रात्री दोघांनी पक्कं करा. सकाळी मध्यस्थ म्हणून बहुतेक तुमचा भाऊच दारात येईल. त्याला चहा-पोहे द्या, निरोप मात्र आत नेऊ नका.