मसाज स्पामध्ये असताना सरकारी तपासणी आली तर ग्राहकाने काय करावे? घरी कळते का?

पळू नका आणि तोंडही लपवू नका. मी स्वतः यातून गेलोय. आमचे साडू अजूनही दर लग्नकार्यात हा विषय काढतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मान-खांदा आखडला की मी मसाज घेतो, वर्षानुवर्षं. त्या दिवशी पालथा पडलेलो, तोंड टेबलाच्या त्या गोल भोकात, दिसत होती फक्त फरशी. बाहेर आवाज वाढले. थेरपिस्टने टॉवेल खांद्यापर्यंत ओढला आणि म्हणाला, "तपासणीवाले आलेत सर. कपडे घालून घ्या, घाई नाही." दार ढकलून कुणी आत आलं नाही.

बाहेर आरोग्य खात्याच्या एक बाई आणि त्यांचा सहाय्यक. परवाना बघतील, सही करतील, जातील असं मला वाटलं होतं. बाई थेट गरम पाण्याच्या टबाकडे गेल्या. चाचणीची पट्टी बुडवली, थर्मामीटर टाकला, नोंदवही मागितली. मग चादरींचं कपाट उघडलं: धुतलेल्या आणि वापरलेल्या शेजारी शेजारी. तेलाच्या बाटल्यांवर ना नाव, ना तारीख. भिंतीवरची प्रमाणपत्रं आज कामावर असलेल्यांचीच आहेत का, खोल्यांना आतून कडी आहे का, मागचं दार उघडतं का, सगळं पाहिलं. मागच्या दाराला टॉवेलांची गाठोडी टेकवलेली होती.

मग माझ्याकडे वळल्या. चादर तुमच्यासमोर बदलली? नाही, आधीच अंथरलेली होती. ताप, त्वचेचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, पायाला सूज, यातलं काही विचारलं होतं? नाही. मॅनेजर असा बघत होता की जणू मीच फोन करून बाईंना बोलावलंय. पण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल आणि तिथे जोरात चोळलं, तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. हे न विचारता तेल लावायला घेणारा माझ्या लेखी कच्चाच, हात कितीही चांगला चालो. बाईंनी नाव-नंबर लिहून घेतला, पावती पाहिली, आणि मी सुटलो.

साडूंच्या एका मित्राने मला तिथून बाहेर पडताना पाहिलं. दोन दिवसांत नातेवाइकांत बातमी: "धाडीत सापडले म्हणे." बायकोला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. तिने पहिला प्रश्न विचारला तो चादरीचा. साडूंना तो आजवर सुचलेला नाही. मात्र हेच साडू क्लबच्या गरम टबात तासभर बसतात आणि त्या पाण्यात शेवटचं क्लोरीन कधी पडलं हे विचारत नाहीत.

आता पाण्याचं ऐका. लिजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियस पाण्यात वाढतो, म्हणजे टबाचं तापमान त्याला अगदी मानवतं. गरम पाण्यात क्लोरीनही लवकर संपतं. बुडबुड्यांबरोबर उडणारे तुषार श्वासात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. २००० साली कॅलिफोर्नियात एका नेल सलूनमध्ये पाय बुडवायच्या टबांमुळे शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवं आली. टबात पाणी फिरवणाऱ्या भागाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचला होता, जाळी कुणी काढून धुतलीच नव्हती. आधी पायांवर रेझर फिरवलेल्यांना धोका जास्त होता. ती जाळी ग्राहक उघडून बघू शकतो का? बघायला अशा बाईच लागतात. म्हणून जिथे कधीच तपासणी होत नाही, त्या स्पाची मला जास्त भीती वाटते.

तेव्हा विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्या. 'सगळं छान आहे' असं मालकाच्या वतीने बोलू नका, तो तुम्हाला त्याचे पैसे देत नाही. अधिकाऱ्याचं ओळखपत्र बघायला मागा, त्यात उर्मटपणा काही नाही. मोबाइलवर शूटिंग करू नका, आत आणखी कुणी कपडे घालत असेल. अर्ध्यावर थांबलेल्या मसाजचे पैसे परत मागायला लाजू नका. मला त्यांनी पुढच्या वेळचं कूपन देऊ केलं, मी रोख घेतले. घरी कळण्याबद्दल म्हणाल, तर स्वच्छतेच्या तपासणीत तुमच्या घरी फोन करायचं कुणाला काहीच कारण नसतं. साडूंचे मित्र सगळीकडे असतात, तो भाग वेगळा.

एक राहिलंच. हे सगळं आरोग्य किंवा परवान्याच्या तपासणीबद्दल झालं. पोलीस आले असतील तर गोष्ट निराळी, आणि तिथले नियम जागेनुसार बदलतात. तेव्हाही पळायचं नाही, पण जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर तर नाहीच, आणि वकिलाला फोन करू द्या असं स्पष्ट सांगा.