शौर्याची यादी दिल्लीत, झेंडावंदन गावात

आपण विचारले आहे की, प्रजासत्ताक दिनासारख्या राष्ट्रीय दिवशी सैन्याच्या संचलनाबरोबरच सामान्य नागरिकांच्या शौर्याचा आणि संविधानातील मूल्यांचा सन्मान कसा व्हावा. माझ्या मते त्यासाठी नवा पुरस्कार नको आणि नवी सुट्टी तर मुळीच नको. जो सन्मान आजही दिला जातो, तो त्या माणसाच्या गावातील झेंडावंदनात आणावा आणि त्याने नेमके काय केले, हे सर्वांसमोर वाचून दाखवावे, एवढे केले तरी पुष्कळ होईल.

वाचून दाखवण्यावर माझा भर आहे, कारण या दिवसाचे मूळच त्यात आहे. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० रोजी देशभर ठिकठिकाणी लोकांनी एकत्र जमून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. त्या दिवशी ना रणगाडे होते, ना चित्ररथ. प्रतिज्ञा वाचली जात होती आणि जमलेले लोक ती स्वीकारत होते. पुढे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, तरी ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबून मुद्दाम हीच तारीख निवडली गेली, ती या आठवणीसाठी. दिल्लीतील संचलनाला माझा विरोध नाही, मीही ते दूरदर्शनवर आवडीने पाहतो. पण हा दिवस मुळात नागरिकांचा आहे, याचा विसर त्या थाटात पडू नये.

आता सध्याच्या व्यवस्थेकडे पाहू. नागरिकांच्या धैर्यासाठी आपल्याकडे सन्मान नाहीत असे नाही. अशोकचक्र हा शांतताकाळातील सर्वोच्च शौर्यसन्मान नागरिकांनाही मिळू शकतो. सप्टेंबर १९८६ मध्ये कराची विमानतळावर अपहृत विमानातील प्रवाशांना वाचवताना प्राण गमावलेल्या नीरजा भनोत यांना तो मरणोत्तर देण्यात आला. त्याहून आपल्या प्रश्नाच्या जवळचे आहे ते १९६१ पासून दिले जाणारे जीवनरक्षा पदक. बुडणाऱ्याला, आगीत किंवा दरडीखाली सापडलेल्याला, विजेचा धक्का बसलेल्याला स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्यांसाठी ते आहे आणि त्याच्या सर्वोत्तम, उत्तम व साधे अशा तीन श्रेणी आहेत. नावे बहुधा प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी जाहीर होतात आणि पदक मात्र नंतर, यथावकाश, संबंधित राज्य सरकारमार्फत दिले जाते. अडचण इथेच आहे. त्याच सुमारास पद्म पुरस्कारांची यादी येते, वर्तमानपत्रांची पाने तिने भरतात, आणि नदीत उडी मारून दोन मुलींना बाहेर काढणाऱ्या शेतमजुराचे नाव आतल्या पानावरच्या चार ओळींत जाते, तेही गेले तर. दुसऱ्या दिवशी त्याच्याच गावात झेंडावंदन होते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले जाते, सरपंचांचे भाषण होते, आणि तो माणूस गर्दीत मागे उभा असतो. (शाल-श्रीफळाची ही हौस आपण थोडी आवरली, तर वेळ आपोआप मिळेल.)

म्हणून मला असे वाटते की, पदक घरी येण्याची वाट न पाहता जिल्हाधिकारी कार्यालयाने त्या नागरिकाच्या कृत्याचे एक पानभर निवेदन ग्रामपंचायतीला आणि जवळच्या शाळेला पाठवावे. महाराष्ट्रात शाळांमधून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होतेच. तिच्या पाठोपाठ हे निवेदन वाचावे. उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य आणि समता यांच्यानंतर बंधुता येते, आणि मुलांना समजावून सांगायला हेच मूल्य मला सर्वांत अवघड वाटते. अनोळखी माणसासाठी कोणी जीव धोक्यात घातला, त्याची जात किंवा गाव विचारले नाही, हे ऐकल्यावर त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मात्र त्या निवेदनात एक गोष्ट टाळता कामा नये, ती म्हणजे हा प्रसंग मुळात का ओढवला. २०१५ मध्ये कोझिकोड येथे मॅनहोलमध्ये गुदमरत असलेल्या दोन कामगारांना वाचवण्यासाठी एक रिक्षाचालक आत उतरला आणि त्याचाही मृत्यू झाला. त्याच्या धैर्याचे वर्णन करावे तितके थोडे आहे, परंतु हाताने मैला साफ करण्यास आणि पुरेशा सुरक्षेशिवाय गटारात माणूस उतरवण्यास मनाई करणारा कायदा २०१३ मध्येच झाला होता, हे त्याच दमात सांगितले नाही, तर गौरवाआड सरकारी हलगर्जी झाकली जाते. पूल नसलेल्या ओढ्यातून मुलांना खांद्यावर नेणाऱ्याचा सत्कार करून पुलाचा विषय मिटवण्याची सवय आपल्या प्रशासनाला फार लवकर लागते.

महाराष्ट्र दिनालाही हेच लागू आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकात १ मे रोजी पुष्पचक्र वाहिले जाते आणि मग शिवाजी पार्कवर संचलन होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी गेलेले शंभराहून अधिक लोक सैनिक नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी त्याच परिसरात आणि नंतरच्या महिन्यांत झालेल्या पोलीस गोळीबारात त्यांच्यापैकी अनेक जण मारले गेले. त्यांचा आकडा आपल्याला पाठ असतो, पण एखादे तरी नाव आणि तो माणूस काय काम करत होता, हे शाळेच्या कार्यक्रमात क्वचितच ऐकू येते.

आपल्या माहितीत जीवनरक्षा पदकास पात्र असे कोणी असेल, तर शिफारस मुख्यतः राज्य सरकारमार्फत जाते, म्हणून घटनेचा तपशील, साक्षीदारांचे जबाब आणि पोलीस ठाण्यातील नोंद यांसह जिल्हाधिकारी कार्यालयाकडे अर्ज करावा. घटना ताजी असतानाच तो द्यावा, कारण जुन्या घटनांच्या शिफारशी मागे पडतात.