‘द गोल्डफिंच’मध्ये इतके उत्तम कलाकार असूनही हा चित्रपट निराश का करतो?

निकोल किडमन, जेफ्री राइट, सारा पॉल्सन अशी मंडळी असताना २०१९ चा ‘द गोल्डफिंच’ इतका कोरडा का वाटतो आणि कलाकार कमी पडले का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कलाकारांचा दोष फार थोडा आहे. पटकथेने काळाची जी मोडतोड केली, तिनेच घात केला.

डोना टार्ट यांच्या कादंबरीला २०१४ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. १३ वर्षांचा थिओ आईबरोबर न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलेला असताना बॉम्बस्फोट होतो, आई दगावते आणि त्या गोंधळात तो डच चित्रकार फाब्रिसियसचे १६५४ मधले ‘द गोल्डफिंच’ हे छोटेसे चित्र उचलून बाहेर पडतो. (खरे चित्र हेगच्या संग्रहालयात सुखरूप आहे.) ॲम्स्टरडॅममधली सुरुवात सोडली, तर पुस्तक बहुतांशी सरळ पुढे जाते, ती सकाळ आपण आईच्या सहवासात काढतो आणि म्हणूनच तिचे नसणे पुढे शेकडो पाने बोचत राहते. चित्रपटात तीच सकाळ तुकड्यातुकड्यांनी, स्मरणचित्रांसारखी येते. जिच्याशी ओळखच झाली नाही, तिच्यासाठी प्रेक्षकाने रडायचे कसे?

शिवाय लहान आणि मोठा थिओ आलटून पालटून समोर येतात. राजारामपुरीत आम्ही काही जण एका स्नेह्यांच्या घरी चित्रपट पाहायला जमतो, तेथे हा लावला होता. पुस्तक न वाचलेले एक निवृत्त चित्रकला शिक्षक न राहवून म्हणाले, “आरं, ह्यो पोरगा मोठा कवा झाला?” यापेक्षा नेमके परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही. जेफ्री राइटने साकारलेला, जुने फर्निचर दुरुस्त करणारा हॉबी या मुलाला जुने लाकूड ओळखायला शिकवतो, ते प्रसंग सुंदर आहेत. पुढे हाच मुलगा दुरुस्त केलेले फर्निचर अस्सल पुरातन म्हणून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारतो. यामधल्या वर्षांत त्याच्या मनात काय उलथापालथ झाली, हीच तर वयात येण्याची खरी गोष्ट, आणि नेमकी तीच पडद्यावर हाती लागत नाही. अशा वेळी मोठ्या थिओच्या भूमिकेतल्या अ‍ॅन्सेल एल्गॉर्टने खिन्न चेहऱ्याने वावरण्यापलीकडे काय करावे?

दिग्दर्शक जॉन क्राउली यांना हा प्रकार जमत नाही, असे म्हणावे तर त्यांच्याच ‘ब्रुकलिन’मध्ये (२०१५) घर सोडून आलेली तरुणी क्रमाक्रमाने बदलताना दिसते आणि सर्शा रोननला त्या बदलासाठी पुरेसा अवकाश मिळतो. आपल्याकडे मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला ‘शाळा’ पाहा. तेथेही दिलीप प्रभावळकर, जितेंद्र जोशी यांच्यासारखे कसलेले नट आहेत, परंतु ते मुकुंदाच्या नववीच्या वर्षाभोवती उभे राहतात, त्या वर्षावर स्वार होत नाहीत. ‘गोल्डफिंच’मध्ये पाहुणे नटच जास्त आणि घरचा मुलगा कोपऱ्यात, अशी गत झाली आहे.

तरीही रॉजर डीकिन्स यांचे छायाचित्रण पाहण्याजोगे आहे, आणि लास व्हेगासच्या कडेला, रिकाम्या घरांच्या वसाहतीत थिओ व बोरिस यांची जमलेली दोस्ती तर अस्सल आहे. ओक्स फेग्ली (लहान थिओ) आणि फिन वुल्फहार्ड (लहान बोरिस) ही दोन पोरे तेथे सर्व नामवंतांना मागे टाकतात. चित्रपट पाहायचाच असेल तर त्या भागासाठी पाहावा, आणि शक्य असल्यास कादंबरी आधी वाचून काढावी.